गिरणीतल्या पाण्याची रेघ

पाणी कुठवर चढलं होतं ते भिंतीला विचारावं. माणसं कमरेएवढं म्हणतात, छातीएवढं म्हणतात. भिंत मात्र जिथल्या तिथे रेघ दाखवते. वीस वर्षं विम्याचा सर्व्हेअर म्हणून मी भिंतींवरच पोट भरलं आहे. म्हणून दारव्ह्याजवळच्या तांड्यावर बिजलीबाईची पिठाची गिरणी पाहिल्यावर माझं डोकंच फिरलं. नाल्याचा पूर आत शिरून आठवडाही झाला नव्हता, आणि भिंती पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या, जमीन सारवलेली, दारात रांगोळी.

बाहेर बाजेवर तिचा नवरा धरमसिंग पाठ फिरवून बसला होता. तीन हंगाम कापसानं दगा दिल्यापासून घर या गिरणीवरच चालायचं. पंचनामा होईस्तोवर कशाला हात लावायचा नसतो, अशी त्याची पक्की समजूत. बायकोनं ऐकलं नाही म्हणून चार दिवस त्यानं तिच्याशी अबोला धरला होता.

“साहेब, इनं सारा किलेम धुऊन टाकला,” तो मला म्हणाला.

मग जवळ येऊन हळूच सांगितलं की पूर लिहू नका, वादळ लिहा, पुराचं काही मिळत नाही म्हणतात. मी त्याची पॉलिसी उघडून दाखवली. वादळ आणि पूर, दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापलेले होते. शिवाय वादळ लिहायला छपराचा एखादा टीन तरी हललेला हवा. अशा समजुतींचा मला राग येतो, आणि त्या पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आल्या असतील याचं कुतूहलही वाटतं.

सारवलं कशाला, असं मी बिजलीबाईला जरा चढ्या आवाजातच विचारलं.

“पाव्हना येनार होता,” ती म्हणाली. “घान घरात मानसाले कसं बसवाव?”

विम्याच्या माणसाला लोक चहा देतात, पण मनातून त्याला वैरीच समजतात. मला पाहुणा म्हणणारी ही पहिलीच, आणि माझ्या स्वागतासाठी तिनं माझा पुरावाच पुसून ठेवला होता. मला हसू आलं आणि पुढच्याच क्षणी वाईटही वाटलं. रेघ सापडली नाही तर मी काय लिहिणार होतो?

मी शोधायला लागलो. दाराची मागची बाजू धुतलेली. गिरणीचे लोखंडी पाय तेल लावून पुसलेले. खिडकीची चौकटसुद्धा लख्ख. बाई माझ्यामागे फिरत होती. काय शोधून राह्यले, असं तिनं विचारलं तेव्हा मी रेघेचं सांगितलं. तिनं भिंतीवरून नजर फिरवली आणि बटणांच्या लाकडी पाटीकडे बोट केलं.

“तिच्यामागं फडकं नाई घातलं. करंटचं भेव वाटते मले.”

मेन स्विच बंद करून मी पाटीचे स्क्रू सैल केले. मागे वर्षानुवर्षांचं पीठ साचलेलं होतं. वरचं कोरडं, खालचं भिजून घट्ट झालेलं, त्यावर नाल्याचा काळा गाळ, आणि कोरड्या-भिजल्याच्या मधे सरळ रेघ. टेप लावला. जमिनीपासून साडेतीन फूट. म्हणजे मोटर पूर्ण बुडाली होती.

मोटरीचं मग काय केलं? पाणी ओसरताच तिनं ती जीपमध्ये घालून दारव्ह्याला नेली होती, उघडून वाळवून आणली होती. खराब झालेले बेअरिंग आणि पट्टा कुठे, असं विचारलं तर ती लाजली. पाहुण्याला मोडकं काय दाखवायचं म्हणून गोधड्यांच्या चळतीखाली लपवले होते. बिलही तिथंच होतं.

आता धरमसिंग दारात येऊन उभा होता. हात लावला नसता तर जास्त मिळालं असतं ना, असं त्यानं मला विचारलं.

“मोटर गाळात तशीच सोडली असती तर ती कायमची गेली असती,” मी म्हणालो. “आणि वाचत होती ती का वाचवली नाही, हे कंपनीनं तुम्हालाच विचारलं असतं. तुमच्या बाईनं तेच केलं जे या पॉलिसीत लिहिलं आहे. फक्त धुण्याआधी एक फोटो काढायला हवा होता.”

मी रेघेचे फोटो काढले, मोजमाप लिहिलं, सुटे भाग आणि बिल नोंदवलं. वही मिटली तसं बिजलीबाईनं हातात फडकं घेतलं आणि विचारलं, आता पुसलं तर चालते काय. मेन स्विच अजून बंदच होता, मी हो म्हणालो.

ती पाटीकडे वळली तेवढ्यात धरमसिंग पुढे झाला आणि तिच्या हातातलं फडकं त्यानं घेतलं.

“ठैर,” तो तिला म्हणाला. “करंट हाये तिथं. मी पुसतो.”