काचेवरचा कापूर

मी एक जुनी सोलर प्लेट आहे. हसू नका, मित्रांनो. इतर प्लेटा गच्चीवर पंचवीस वर्षं नांदतात. माझ्या जातीत एक वर्ष निघालं तरी पुष्कळ.

माझ्या पोटात दोन थर. खालचा सिलिकॉनचा, जुना आणि दणकट. वरचा पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाचा, नवा, हुशार पण नाजूक. वरचा उन्हातला निळा भाग खातो, तांबडा खालच्याला सोडतो. तेवढ्याच उन्हातून दोघं जास्त वीज काढतात. मात्र एक दमला की दुसराही अडतो. त्यात वरच्याला ओल म्हणजे विष, म्हणून मला काचेत बंद केलेलं.

मला घडवलं मंजुश्रीनं. "वर्षभर उघड्यावर टिकली, तरच पुढचं काम," असं तिच्या प्रयोगशाळेतल्या सरांनी बजावलं होतं. तिनं मला वडगावातल्या आपल्या घराच्या गच्चीवर बसवलं. खाली साड्यांचे माग खडखडत.

तिची आई नागुबाई पहिल्या दिवसापासून माझ्यावर उखडलेली.

"माझी सांडग्यांची जागा या काळतोंडीला दिलीस व्हय गं?"

"आक्का, हिच्यावर एक माग तरी चालंल का?" धाकटा भाऊ विनोदही मंजुश्रीला डिवचायचा. "न्हाय तर पापड भाजू."

नागुबाई मुद्दाम माझ्यावर ओली लुगडी टाकायची. मग मायलेकींची जुंपायची, आणि पुढं अबोला. कौतुक काय ते मंजुश्रीचं. वीज चांगली निघाली की एकटीच हसायची. ऊन, धूळ, पाऊस, शिव्या, सगळं मी सोसलं.

वर्ष भरत आलं आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी या घरात माग बंद. प्रत्येक मागाला विभूती, झेंडू, कापूर. तबक घेऊन नागुबाई वर आली. मला वाटलं, आता फोडते. तिनं मला पदरानं पुसलं, विभूतीची तीन बोटं ओढली.

"लेकीचं हत्यार हाय. एकटंच कसं उपाशी ठेवू?"

आणि माझ्या काचेवरच कापूर पेटवला. काच तडकली.

परतीचा पाऊस फटीतून आत शिरला. माझा काळा थर पिवळा पडत गेला.

"हळद कुणी सांडली गं हिच्यावर?" नागुबाई घासत राहिली.

मंजुश्री धावत आली. "आई, काचेवर कापूर लावलास?"

"मागाला लावतो तसाच लावला. देवाचं करताना तुला विचारायचं व्हय?"

"वर्ष भरत आलं होतं गं!"

"बरं झालं," विनोद म्हणाला. "आता सांडगं वाळवा." कुणी हसलं नाही.

माझी वर्षभराची परीक्षा बुडाली. सर लई बोलले. मंजुश्री भांडली, तेव्हा कुठं दुसरी प्लेट मिळाली, ती गच्चीवर माझ्या जागी बसली. विनोद मला नाल्यात टाकायला निघाला होता. "हिच्यात शिसं आहे, पाण्यात उतरेल!" म्हणून मंजुश्रीनं मला हिसकावलं, गुंडाळलं आणि जिन्याखाली ठेवलं.

यंदाची खंडेनवमी मी तिथूनच ऐकली.

"आई, कापूर?" विनोदनं खिजवलं.

"मुस्काट फोडीन!" नागुबाई वर गेली. नंतर विनोदच खाली सांगत होता, विभूती लावली ती नव्या प्लेटच्या लोखंडी पायाला. काचेला बोट नाही. मंजुश्री शेजारी उभी होती. अजून दोघी धड बोलत नाहीत.

उतरताना नागुबाई जिन्याशी थांबली. माझ्यावरचं कापड सारून तिनं उरलेली विभूती मला लावली.

"काळतोंडे, सोसत न्हाय म्हणून सांगायचं हुतंस की."

मित्रांनो, आम्हाला सांगता येत नाही. माया करण्याआधी तेवढं विचारत चला.