डिंपलनं सांगितलेला पिच्चर

पुष्पाबाईला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण इंग्रजी पिच्चरचं वेड असं की काही विचारू नका. त्यातही मारामारीचे नकोत. तिला हवेत जुन्या कादंबऱ्यांवरचे, दोनशे वर्षांपूर्वीच्या विलायतेतले, जिथे बाया घोळदार झगे आणि फीत बांधलेल्या टोप्या घालून चालतात आणि बाप्ये घोड्यावरून चिठ्ठ्या आणतात. तिच्या असोदा गावातल्या बाया हे ऐकून तोंडाला पदर लावायच्या. लावू देत बापड्या!

हे वेड लावलं लेकीनं. डिंपल जळगावला इंग्रजी घेऊन एम.ए. झाली. दर शनिवारी दुपारी डिंपलचे वडील गिरधरभाऊ केळीच्या मळ्यात गेले की मायलेकी पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून बसायच्या. पुढ्यात तुरीच्या शेंगा. पिच्चरमधले बोलायचे आणि डिंपल वाक्यावाक्याला मराठी करून सांगायची. पुष्पाबाईसाठी पिच्चर म्हणजे डिंपलचा आवाजच होता म्हणा ना.

गेल्या मार्चमधली गोष्ट. पुष्पाबाईची नणंद चाळीसगावहून येऊन आपल्या भूषणसाठी डिंपलला मागणी घालून गेली होती. भूषणचं शेतीच्या औषधांचं दुकान, पोरगा सुपारीच्या खांडालाही न शिवणारा, वर सख्खा आतेभाऊ. आणखी काय पाहिजे? पण डिंपल तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. तिला जूनपासून जळगावच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला बोलावलं होतं, आणि आत्यानं जाताना बजावलं होतं की सुनेनं नोकरी करायची आमच्याकडे पद्धत नाही.

त्या शनिवारी पिच्चर होता एका विधवेचा आणि तिच्या लेकीचा. सफरचंदाच्या बागेत एक उंचापुरा माणूस हातात टोपी घेऊन लेकीपुढे उभा राहिला.

"हा कोन व?" पुष्पाबाईनं विचारलं.

"कझिन आहे तिचा. आतेभाऊ समज. लग्नाचं विचारतोय."

"अगं माय! गोऱ्या लोकायमधी बी आतेभावाले देतात?" पुष्पाबाईला कोण आनंद झाला. "मंग हो म्हनंल पाह्य ती."

डिंपलनं बोट टेकवून पिच्चर थांबवला. पडद्याकडेच बघत म्हणाली, "आणि नाही म्हणाली तर?"

"नाही कशी म्हनंल? मंग तिच्या मायनं चार मानसात तोंड कुठी दाखवायचं? नवऱ्याची बहीन जन्माची तुटंल ना."

आता पिच्चरमधल्या विधवा मायला नणंदेची कितीशी भीड होती, हे पुष्पाबाईला काय ठाऊक! ती कोणाबद्दल बोलत होती ते डिंपलला बरोबर कळलं. ती क्षणभर गप्प बसली. मग पिच्चर सुरू केला. ती गोरी पोरगी बरंच काही बोलली.

"हो म्हणाली," डिंपलनं सांगितलं.

मग विधवा माय फाटकाशी आली, त्या माणसाशी दोन शब्द बोलली आणि लेकीला तिनं पोटाशी धरलं.

"माय काय म्हनते व?"

"म्हणते, लेकीनं माझा शब्द राखला."

पुष्पाबाईनं पदरानं डोळे पुसले. "पाह्य! परक्या मुलखातली पोर, तिले कळते. आन तू येवढी शिकलेली!"

त्याच संध्याकाळी डिंपलनं होकार दिला. मे महिन्यात लग्न झालं. दिवाळीला माहेरी आली ती निम्मी होऊन. तक्रार म्हणून एक नाही. पुष्पाबाईनं हौसेनं डब्याला मोबाइल टेकवला, तर म्हणाली, "नको मम्मी, डोकं दुखतंय."

आणि या शनिवारी पुष्पाबाई एकटीच शेंगा सोलत होती. मोबाइलवर बोट फिरवता फिरवता तीच सफरचंदाची बाग समोर आली. या खेपेला सगळे हिंदीत बोलत होते. हिंदी तिला चांगली कळायची. बरं झालं म्हणाली, आणि सरसावून बसली.

"मुझसे नहीं होगा," ती पोरगी त्या माणसाला म्हणाली. "आपके घर में मेरा दम घुट जाएगा।"

पुष्पाबाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिनं पिच्चर मागे नेला, पुन्हा ऐकलं. तेच. मग विधवा माय फाटकाशी आली. "आप जाइए। मेरी बेटी ने ना कह दी, तो समझिए मैंने भी कह दी।" आणि तिनं लेकीला पोटाशी धरलं. शेवटी ती पोरगी एका लहानशा शाळेत पोरांना शिकवत होती आणि म्हातारी माय दाराशी बसून वाटाणे सोलत होती.

 पुष्पाबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली. कोणत्या तोंडानं आपण पोरीला दाखले दिले? तिला स्वतःची शिसारी आली. तिनं तडक फोन लावला.

"डिंपल, तो सफरचंदाचा पिच्चर पाह्यला मी. हिंदीतून. तिनं तं नाही म्हनलं व."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "हिंदीवाले काहीही बदलतात गं मम्मी. इंग्रजीत हो म्हणाली होती."

"मायबी तिच्या बाजूनं बोलली."

 मागून आत्यानं विचारलं, कोणाचा फोन? "मम्मीचा," डिंपल म्हणाली.

"डिंपल, आयक." पुष्पाबाई घाईघाईनं म्हणाली. "तुले तिथी नको वाटत आसंल तं सांग. तुट्टी तं तुट्टी नणंद. दार मी उघडीन. बरी हाये ना तू?"

डिंपल क्षणभर गप्प राहिली.

"हो मम्मी. छान चाललंय माझं. सगळे खूप जीव लावतात."

पुष्पाबाई मोबाइल कानाशी धरून बसून राहिली. आवाज तिच्या ओळखीचा होता. असंच क्षणभर गप्प राहून, याच आवाजात डिंपलनं सांगितलं होतं, हो म्हणाली.