तिसऱ्या कडव्यातली गप्प ओळ

मंडळीचा एक नियम होता. चर्चमधून कोणी मिशनच्या कामाला बाहेर गेलं, की गायनातली त्याची ओळ दुसऱ्याने घ्यायची नाही. तो परत येईपर्यंत ती त्याच्यासाठी राखून ठेवायची. नियम करणाऱ्यांना त्यात मोठा मान वाटला होता. माणूस परतच आला नाही तर काय करायचं, हे मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही.

भट्टीवाल्या काकूंची लेक डोंगरापलीकडच्या मिशनच्या दवाखान्यात गेली आणि तिथेच तापाने वारली. तिला पुरलंही तिकडेच. दवाखान्याला कुलूप लागलं. गाण्यातली तिची ओळ मात्र तशीच राहिली. दर रविवारी उपासनेच्या शेवटी पाठवणीचं गाणं व्हायचं. तिसऱ्या कडव्यात तिने एकटीने विचारायचं, "कोण जाईल?" आणि साऱ्या मंडळीने म्हणायचं, "आम्ही जाऊ." आता विचारणारं कोणी नव्हतं. तेवढ्यापुरता ऑर्गन हलकेच वाजत राहायचा, लोक माना खाली घालून थांबायचे, आणि मग "आम्ही जाऊ, आम्ही जाऊ" असं छप्पर हादरेपर्यंत गाऊन सगळे आपापल्या घरी जायचे.

त्या गप्प जागेत काकूंना लेकीचा आवाज ऐकू यायचा. अगदी श्वास घेतानाच्या तिच्या बारीक अडखळीसकट. आठवडाभर त्या पीठ मळायच्या, पाव भाजायच्या, ते त्या एका ओळीच्या आशेवर.

इतरांना काही ऐकू येत नसे, पण ती जागा सगळ्यांना झपाटल्यासारखी वाटे. लहान मुलं त्या वेळी आईला चिकटून बसत. नवे पाळक दर खेपेला विचारत, "दवाखाना पुन्हा उघडायचाय, कोण येतं?" चादरी मिळत, औषधं मिळत, प्रार्थना तर मागाल तेवढी. माणूस मिळत नसे.

एका दुपारी शेजारची नर्स भट्टीवर आली. जीभ तिखट म्हणून तिला सगळे मिरची म्हणत.

"काकू, मी जायचं म्हणतेय. डोंगरापलीकडे."

काकूंचा हात परातीतच थांबला. "आईला विचारलंस?"

"ती रडतेय. म्हणते, तुझीही ओळ अशीच गप्प ठेवतील आणि मला जन्मभर ऐकत बसवतील. काकू, ते गाणं पुरं गाऊ द्या ना. पाळकांना पटलंय, पण तुमच्यापुढे सगळ्यांची दातखीळ बसते."

"माझ्या लेकीची जागा हवी होय तुला?"

"जागा नको. तिचं काम हवंय. कुलपाला गंज चढला असेल तिथे."

"जा बाई तू. माझे पाव करपतील."

मिरची हलली नाही. काकूंनी पावांचा पत्रा बाहेर ओढला, फळीवर आदळला. मग मागे न वळताच म्हणाल्या, "ती गाते अजून. मला ऐकू येतं. ओळ भरून टाकली तर ती कुठून येईल गं?"

मिरची हसेल असं त्यांना वाटलं होतं. तिने हळूच विचारलं, "काय म्हणते?"

"तेच. कोण जाईल."

"इतकी वर्षं तेच?"

"तेच."

"आणि तुम्ही काय सांगता तिला?"

आजवर काकू नुसत्या ऐकत आल्या होत्या, जिवाचा कान करून. पोर काहीतरी विचारते आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्या दिवसापासून आवाज रविवारची वाट पाहीना. पीठ चाळताना यायचा, जिना चढताना मागून यायचा. गोडवा गेला होता त्यातला. बंद दारावर थाप मारून मारून थकलेल्या माणसासारखा तो झाला होता.

रविवारी तिसरं कडवं आलं. ऑर्गन हलका झाला. आवाज इतका जवळ आला की काकूंचा कान गार पडला. त्या बाक धरून उभ्या राहिल्या. गाणं त्यांना कधीच येत नव्हतं. फाटक्या, भसाड्या गळ्याने त्यांनीच विचारलं, "कोण जाईल?"

कानाशी चाललेला सूर मध्येच तुटला.

आता मंडळीने "आम्ही जाऊ" म्हणायचं होतं. कोणालाच म्हणवेना. ऑर्गनवाल्याने हात उचलून मांडीवर ठेवले.

"मी," मिरची उठून म्हणाली. तिच्या आईने तिचा पदर पकडला, घट्ट धरून ठेवला, आणि मग सोडला.

मागून सुतारमामा उठले. "दारं-खिडक्या मी बघतो. पण इंजेक्शनबिंजेक्शन धरायला सांगू नका, मला घेरी येते."

कोणीतरी हसलं. ते हसणं रडण्यासारखंच होतं.

काकू घरी आल्या. दार लावून तशाच उभ्या राहिल्या आणि कान दिला. भिंतीपलीकडे मिरचीकडे सामानाची पेटी ओढल्याचा आवाज येत होता. अलीकडे काहीच नव्हतं. त्यांनी लेकीच्या नावाने हाक मारून पाहिली, आधी हळू, मग मोठ्याने. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच त्या घरात एकट्या होत्या.