येळवशीआधी बुडवलेली होडी

तट्ट!

दुपारचं घर चिडीचूप होतं. माझी चार वर्षांची राजनंदिनी पालथी झोपली होती. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई कमलबाई, दाराशी बसल्या बसल्या डुलक्या घेत होत्या. तेवढ्यात भिंतीला टेकवलेली काठवट, भाकरीचं पीठ मळायची आमची लाकडी परात, कुणी हातही न लावता तडकली.

नंदूनं डोळे उघडले नाहीत. "आई, होडी मोडली?"

"न्हाय गं सोन्या. काठवट."

"मग असू दे," म्हणाली आणि कूस बदलून पुन्हा झोपली.

हसू दाबताना मला ठसका लागला. पण पोरीचं काय चुकलं? दिवाळीपासून आमच्या घरात होडीशिवाय दुसरा विषय नव्हता. मोडायचंच असेल तर होडीनंच मोडायला हवं होतं.

ही होडी माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामांची. गावाखाली तलाव झाला तेव्हा त्यांचं सगळं रान पाण्यात गेलं. दुसरा कुणी असता तर पुण्याला निघून गेला असता. मामांनी भीमेकाठच्या एका भोयाकडून अठरा फुटांची लाकडी होडी आणली आणि जिथं ज्वारी काढली तिथंच मासे धरायला लागले. वीस-बावीस वर्षं. मग एका दुष्काळात तलाव तळापर्यंत आटला. होडी चिखलात बसली. मामांनी ती ट्रॅक्टरवर घालून घरी आणली, अंगणातल्या पत्र्याखाली पालथी घातली आणि परत तिला हात लावला नाही. पुढं तलाव भरला, पुन्हा भरला, तरी नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तिच्याखाली कोंबड्या अंडी घालत होत्या.

यंदा दिवाळीत तुळजापूर रस्त्यावरचा एक ढाबेवाला आला. त्याला होडी पाहिजे होती. ढाब्याच्या दारात सिमेंटमध्ये रोवणार, वर लाइटच्या माळा सोडणार आणि आत पानाचं दुकान मांडणार.

"पानाचं दुकान?" मी चहाचे कप तिथंच ठेवले. "मामा, होडी मला द्या."

"तुला? काय करलालीस तिचं? भाजी पेरणार का?"

"दुरुस्त करणार. छत, बाकं, रंग. पाण्यात फिरवणार. आणि येळवस आपण आपल्या रानात करायची. रानावर, म्हणजे पाण्यावर."

बोलून गेले आणि ठेवलेले कप परत उचलले.

येळवस, वेळ अमावस्या, हा आमच्या भागातला वर्षाचा मोठा सण. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळे आपापल्या रानात, कडब्याची कोपी, म्हणजे खोप, करून तिच्यात पाच दगडांचे पांडव पुजायचे, अंबील, भज्जी, बाजरीचे उंडे खायचे आणि रानाच्या चारी बाजूंना अंबील शिंपायची. रान नसलेल्यांना लोक प्रेमानं बोलावतात. आम्हालाही बोलावतात. पण दुसऱ्याच्या बांधावर बसून आत्या उंडा कसा खातात ते मी पाच वर्षं बघत होते. अर्धा खायच्या, अर्धा पदरात बांधायच्या, आणि घरी येताना तलावाच्या काठावर टाकायच्या.

मामा होडीकडं वळले. "येळवशीला तरंगली तर तुझी," ते म्हणाले. "न्हाय तरंगली तर दुसऱ्या दिवशी ह्यांचा टेम्पो येऊन घेऊन जाईल."

ढाबेवाला हसला. मामा नाही हसले.

झालं. नंदू झोपली की मी होडीपाशी. भाकऱ्या झाल्या की होडीपाशी. माझा नवरा सोमेश सोलापूरला नोकरीला, रविवारी येतो. तो फोनवर पहिलं विचारायचा, "काय म्हणतीया तुझी यॉट?" मी मोबाइलवर बघितलेल्या पांढऱ्याशुभ्र यॉटचा व्हिडिओ त्याला पाठवला होता, तेव्हापासून त्याला चिडवायला हत्यारच मिळालं.

"म्हणतीया की मालक आल्याशिवाय रंग लावून घेणार न्हाय."

"मालक आला तर रंग मालकालाच लागंल."

पण रविवारी येऊन तो मुकाट्यानं तिचा तळ खरवडायचा.

अणदूरचे जलीलचाचा बैलगाड्या करायचे. आता कुणी गाडी करून घेत नाही, म्हणून चौकटी करतात. त्यांना बोलावलं. त्यांनी कुजलेल्या दोन फळ्या काढून नव्या बसवल्या आणि जुन्या सवारी गाडीला असायचं तसं कमानीचं छत करायला घेतलं.

"चाचा, बुडणार न्हाय न्हवं?"

"बेटा, माझी गाडी आजपत्तर कधी बुडाली न्हाय," ते रंधा थांबवून म्हणाले. "पाण्यात कधी घातलीच न्हाय, ही बात अलग."

फळ्यांच्या फटीत भरायला कापसाच्या वाती लागत होत्या. आत्यांनी देवापुढच्या वाती वळतात तशा हातहात लांब वाती वळल्या आणि आम्ही त्या राळेत बुडवून ठासल्या. बाहेरून पांढरा रंग, कडेला निळा पट्टा. आतून रंग द्यायचा राहूनच गेला. आणि सगळ्याच्या आधी, सगळ्याच्या मध्ये आणि सगळ्याच्या नंतर मी तिला ऊन दाखवलं. रोज पत्र्याखालून ओढून अंगणात, उताणी, पालथी, कुशीवर. आमच्याकडं चांगलं म्हणजे वाळलेलं. डाळ असो, मिरची असो, सांडगे असोत, कडकडीत ऊन दाखवल्याशिवाय घरात काही घ्यायचं नाही. मग होडीला का नाही? मी पापडासारखी वाळवली तिला. बोटानं वाजवली की खण्ण वाजायची. मला तर तो आवाज पक्केपणाचाच वाटायचा.

मामा ओसरीवरून सगळं बघायचे. एक शब्द बोलायचे नाहीत.

येळवशीला पाच दिवस राहिले तेव्हा आम्ही तिला पाण्यात घातली. अर्धं गाव काठावर. मी नारळ फोडला, नंदूनं हळद-कुंकू लावलं, दहा जणांनी रेटा दिला. होडी सर्रकन पाण्यात गेली, तरंगली, पांढरी पांढरी, निळ्या पट्ट्याची, बदकासारखी. मी ओरडलेच. नंदू तर नाचायला लागली.

मग फटीफटीतून पाणी आलं.

एकीकडून नाही, सगळीकडून. चाळणीतून यावं तसं. बघता बघता घोट्याएवढं, मग पोटरीएवढं. कुणीतरी मागून म्हणालं, "वैनी, ही होडी हाय का तळं?" सगळे हसले. जलीलचाचांनी टोपी काढून हातात घेतली. मामा वळून घराकडं चालायला लागले, आणि त्यांच्या पाठीवरून मला कळलं की त्यांना नवल वाटलेलं नाही.

होडी काठाला ओढून आम्ही परत आलो. सोमेश फोनवर म्हणाला, "एम-सील लाव." पण अठरा फुटाच्या फटींना किती आणि काय लावणार? मी चुलीपाशी बसून नुसती लाकडं पुढं सारत राहिले. सहा दिवसांनी पानाचं दुकान.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी न्हाणीतल्या घंगाळातून काठवट काढली. तडकली त्या दुपारीच त्यांनी ती पाण्यात ठेवली होती, आणि होडीच्या गडबडीत दोन दिवस ती तशीच राहिली होती. त्यांनी ती पुसली आणि पीठ ओतून मळायला लागल्या.

"आत्या! अहो, ती तडकलीय न्हवं?"

"कुठं?"

मी वाकून पीठ बाजूला सारलं आणि बघितलं. जिथून नखभर फट पडली होती तिथं केसाएवढी रेघ. पिठातलं पाणी खाली एक थेंब गळत नव्हतं.

"तहानली व्हती," आत्या म्हणाल्या. "पाणी पिली, मिटली. लाकूडच ते."

"पाणी पिली?" नंदूनं विचारलं. "किती पिली?"

मी ऐकायला थांबलेच नाही. तशीच, हाताला पीठ लागलेली, जलीलचाचांच्याकडं धावले. ते तलावाकाठी होडीपाशी छताचं सामान गोळा करत होते. मी धापा टाकत काठवटीचं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे खुदा! चाकाचं पण हेच! उन्हाळ्यात चाक सुकलं, लोखंडी धाव सैल पडली, की ओढ्यात टाकून ठेवायचो. दोन दिवसांत फुगून घट्ट. सगळी जिंदगी चाकं भिजवली आणि होडी बघून अक्कल कुठं गेली माझी!"

"म्हणजे चाचा, तिला..."

"बुडव, बेटा. बुडव तिला!"

एवढ्या आनंदानं आजवर कुणी होडी बुडवली नसेल. आम्ही तिला कंबरभर पाण्यात नेली, वाकडी केली, पाणी आत येऊ दिलं, वर मी काठावरचे चार दगड आत ठेवले आणि दोरी बांधली. पण लाकूड ते, तरंगूनच राहू बघत होतं. होडीचे काठ पाण्याबाहेर येत होते. अंधार पडायला लागला तशी मी तिला तशीच सोडून आले. झोपेतसुद्धा मी तिचे काठ खाली दाबत होते.

पहाटे नंदूला काखेत घेऊन गेले. होडी दिसेना. मग पाण्यात वाकून बघितलं. ती पाण्याखाली सरळ, शांत बसली होती. आत चार नाही, चांगले दहा-बारा दगड होते, नीट जागा बघून ठेवलेले. दोरीला माझी गाठ नव्हती. आणि पलीकडं खडकावर मामा, धोतर कंबरेपर्यंत ओलं, बिडी ओढत बसले होते.

"डाव्या अंगाला जड पायजे व्हतं," ते म्हणाले. "ही पहिल्यापासून उजवीकडं कलती."

मी त्यांच्याजवळ गेले. "मामा, तुम्हाला ठाऊक होतं. मी वाळवत होते तेव्हापासून."

"व्हतं."

"मग बोलला का न्हाईत?"

"बोललो असतो तर तरंगली असती." त्यांनी बिडी विझवली. "आन् तरंगली की मला बसावं लागलं असतं. एक डाव माझं रान पाण्यात गेलं. सोसलं. मग पाणी गेलं, रान उघडं पडलं. आपल्याच इहिरीच्या तोंडाशी होडी चिखलात. तिसऱ्यांदा कायबी जाताना बगायची ताकद न्हवती, पोरी. म्हणलं, ढाब्यावर गेली तर बरं. डोळ्याआड."

"मग आज दगड का ठेवले?"

ते नंदूकडं बघत राहिले. ती पाण्यात बोट घालून होडीशी बोलत होती. "पी," म्हणत होती. "अजून पी."

"तू बुडवलीस," मामा म्हणाले. "आन् बुडवायचंच तर नीट बुडवावं."

येळवशीच्या दिवशी उजाडताच दगड काढले. सोमेश रजा टाकून आला होता. त्यानं, मी आणि जलीलचाचांनी डब्यांनी पाणी उपसलं. शेवटचं पाणी आत्यांनी फडक्यानं टिपलं. मामा आत चवड्यावर बसले आणि त्यांनी तळाच्या फळीवर तळहात टेकला. मी मनात शंभर मोजले, मग पुन्हा शंभर. त्यांनी हात उचलून मला दाखवला.

कोरडा.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. सोमेश म्हणतो, काठावरच्या गायी उठल्या. तो स्वतः पाण्यात कपड्यांसकट बसकण मारून हसत होता, "यॉट! लोकहो, आमची यॉट!" जलीलचाचांनी कमानीचं छत चढवलं, त्यावर आम्ही कडब्याच्या पेंढ्या बांधल्या, म्हणजे तीच आमची कोपी. मामांनी बुडवायच्या दगडांतले पाच निवडले, त्यांना चुना लावला आणि होडीच्या नाकाशी मांडले. पांडव. मग माळ्यावरून काढलेलं जुनं वल्हं हातात घेऊन ते आपल्या जागेवर बसले. त्यांनी एकदाच डोळे मिटले आणि वल्हं पाण्यात घातलं.

मधोमध गेलो. पाणी हिरवंगार आणि ऊन कोवळं.

"हितं बांध," मामा म्हणाले. "हितं बाभूळ व्हती. हितं इहीर. कमल, हितंच बसायचीस न्हवं तू, उंडे घेऊन?"

आत्यांनी अख्खा उंडा खाल्ला. पदरात काही बांधलं नाही. मग कडुनिंबाच्या डहाळीनं त्यांनी आमच्या रानाच्या चारी दिशांना अंबील शिंपली, मोठ्यानं सालाबादचा पुकारा करत, आणि काठावरच्या रानांतून लोकांनी तसाच पुकारा परत दिला. चाचा तिसऱ्यांदा भज्जी मागत होते. सोमेशनं ढाबेवाल्याला फोन लावून सांगितलं, टेम्पो पाठवू नका, जेवायला या.

नंदू माझ्या मांडीवरून वाकून होडीच्या फळीवर हात फिरवत होती. भिजलेलं लाकूड थंडगार लागत होतं. तिनं तळाला कान लावला आणि बराच वेळ ऐकत राहिली.

"आई, आता हिचं पोट भरलं?"

"भरलं."

"मग तलाव आटल्यावर ही काय पिणार?"

मामांचं वल्हं पाण्यावरच थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आत्यांनी बघितलं, आणि नंदू तर बघतच होती. "मग आपण तिला कळशीनं पाजू," मी म्हणाले, आणि मामांनी वल्हं पुन्हा पाण्यात घातलं.