दाराशी कोण बसणार

नेनूने बोटाच्या पेराने भिंतीवर तीनदा टकटक केलं, दगडाला कान लावला आणि तोंड वाकडं केलं.

"पोकळ आहे का, पा?" ग्रॅत्सिएल्लाने विचारलं.

"नाही. खणखणीत वाजतोय." त्याला ते कबूल करणं जड गेलं. "मकाब्बाच्या खाणीतला असणार. क्रेंदीवाल्यांना असा दगड कुठून मिळणार?"

चाळीस वर्षं मकाब्बाच्या खाणीत काढलेला माणूस. क्रेंदीतल्या भिंतीत चांगला दगड दिसला की तो मकाब्बाच्या नावावर जमा करायचा, आणि भुसभुशीत दिसला की क्रेंदीच्या. त्याचा होणारा जावई क्लेटन दारात किल्ली घेऊन उभा होता. त्याने हसू गिळलं.

"काका, म्हणजे आवडलं म्हणायचं का?"

"भिंत आवडली. घराबद्दल मी बोललोय का काही?"

घरात खोट काढण्यासारखं काही नव्हतंच, हीच तर पंचाईत. मागे अंगण, अंगणात विहीर, लिंबाचं झाड, वर गच्ची. ग्रॅत्सिएल्ला तिसऱ्यांदा त्या लिंबाखाली जाऊन आली होती. आदल्या दिवशी पाहिलेलं मकाब्बातलं घर म्हणजे गल्लीतल्या दोन खोल्या. कमरेपर्यंत ओल चढलेली, स्वयंपाकघरात भरदुपारी दिवा लावावा लागेल असा अंधार. पण ती गल्ली नेनूची होती. त्याच्या दारापासून चार पावलांवर. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि ही एकुलती एक मुलगी. सोमवारपर्यंत दोन्हीपैकी एका घरमालकाला होकार द्यायचा होता.

परका माणूस हसेल. दोन गावांमध्ये चालत पंधरा मिनिटांचं अंतर, मध्ये शेतांचे दगडी बांध. इथून तिथे राहायला गेलं तर असा काय फरक पडतो? पडतो. दोन्ही गावांच्या देवळांतली सांता मारिया एकच, तिचा दिवस एकच, पंधरा ऑगस्ट, आणि मिरवणूक निघायची वेळही एकच. त्या संध्याकाळी माणूस एकाच गावात असू शकतो, आणि कुठल्या गावात असतो यावरून तो कोण ते ठरतं. चौसष्ट वर्षांत नेनूने त्या तारखेला क्रेंदीत पाऊल टाकलं नव्हतं. सव्वीस वर्षं त्याने मकाब्बाची मूर्ती खांद्यावर वाहिली. खांदा कामातून गेल्यापासून तो मूर्तीच्या मागे चालायचा. पुढे बँड असायचा, आणि बँडमध्ये पहिली क्लॅरिनेट ग्रॅत्सिएल्लाची. एवढ्या गर्दीतही तिचा सूर त्याला बरोब्बर वेगळा ऐकू यायचा. शेजारून चालणाऱ्याला तो कोपर मारायचा, "ही आमची." तो माणूस दरवर्षी तोच असायचा आणि दरवर्षी त्याला ते माहीत असायचं.

ही पोर क्रेंदीत गेली की क्रेंदीची होणार, याची त्याला भीती वाटत होती. पण 'जाऊ नकोस' म्हणण्यापेक्षा त्याने जीभ चावून घेतली असती.

घर बघून झाल्यावर तिघं क्लेटनच्या आईकडे, चेत्ताकडे, कॉफीला गेले. ती त्याच रस्त्यावर वरच्या टोकाला राहायची.

"या, या," चेत्ता म्हणाली. "एवढ्या लांबून आलात, दमला असाल."

"वाटेत दोनदा बसलो," नेनू म्हणाला. "रस्ता खराब आहे. तुमच्या हद्दीपासून."

चेत्ताने ईस्टरची उरलेली बदामाची बिस्किटं पुढे केली. नेनूने एक उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि खाल्लं. दुसरंही खाल्लं. बरं आहे असं मात्र म्हणाला नाही.

ग्रॅत्सिएल्लाने कप हातात धरूनच ठेवला होता. मग ती एका दमात म्हणाली, "माझं ठरलंय. क्रेंदीचं घर घेऊ. आणि राहायचं इथे तर नीट राहू. मी इथल्या बँडमध्ये विचारते. क्लॅरिनेट कुणालाही लागतेच."

नेनूने आपला कप बशीत ठेवला. कपाचा कान उजवीकडे येईल असा तो फिरवला. मग डावीकडे.

"तुझी मर्जी," तो म्हणाला.

"कशाला?" हे चेत्ता म्हणाली.

"कशाला म्हणजे?" ग्रॅत्सिएल्ला गोंधळली. "मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल."

"आमच्याकडे चार क्लॅरिनेट आहेत, चारही चांगल्या. आणि खरं सांगू का पोरी, जी बाई आपली सांता मारिया सोडून येते, ती उद्या आमचीही सोडेल. मला तसली सून नको. लग्न कर, इथे राहा, मला नातवंडं दे, आणि पंधरा तारखेला जा मकाब्बात आणि वाजव. मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं."

नेनूने त्या बाईकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. ओळखून दोन वर्षं झाली होती, पण ही अशी असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"मग त्या दिवशी दार?" क्लेटन म्हणाला.

ते घर मोठ्या रस्त्यावर होतं आणि मूर्ती थेट त्याच्या उंबऱ्यासमोरून जायची. त्या संध्याकाळी दार सताड उघडं लागतं, पुढच्या खोलीतले सगळे दिवे लागलेले, भिंतीवर लाल रेशीम, आणि उंबऱ्यात घरचं माणूस. दार बंद असलं तर त्या घरात कुणीतरी वारलंय, नाहीतर त्या घराला लाज नाही, एवढे दोनच अर्थ होतात. ग्रॅत्सिएल्ला मकाब्बात. क्लेटनला यंदा क्रेंदीच्या मूर्तीच्या दांड्याखाली त्याच्या वडिलांची जागा मिळालेली, आणि ती जागा सोडायचा प्रश्नच नव्हता.

"मा, तू बसशील?"

"आणि माझं दार? एकेचाळीस वर्षं मी माझ्या दारात उभी आहे. तुझे वडील गेले त्या वर्षीसुद्धा अर्धं उघडलं होतं."

"भाड्याने माणूस बसवता येत नाही," क्लेटन पुटपुटला.

"नाही येत," त्याची आई म्हणाली.

ग्रॅत्सिएल्लाने कप खाली ठेवला. "मग मकाब्बाचंच घेऊ. गल्लीतून मिरवणूक जात नाही, म्हणजे दाराचा प्रश्न नाही. ओल काय, काढता येते." आवाज साधाच होता, पण ती बोलताना क्लेटनकडे बघत नव्हती.

नेनूला हवं होतं ते त्याच्या पदरात आयतं पडलं होतं. त्याने फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. रविवारी जेवायला पोर चार पावलांवरून येणार होती, क्लॅरिनेट मकाब्बाची राहणार होती, आणि याचं खापर कुणी त्याच्यावर फोडणार नव्हतं. त्याने तिसरं बिस्किट उचललं. मग ते परत ठेवलं.

"म्हणजे उद्या क्रेंदीत बोलणार," तो म्हणाला, "की मकाब्बाच्या पोरीने चांगलं घर सोडलं, कारण तिच्या दाराशी बसायला तिच्याकडे माणूस नव्हता."

"कोण बोलणार, पा? कुणी नाही बोलणार."

"मी क्रेंदीचा असतो तर बोललो असतो." त्याने मिशीवरचा चुरा झटकला. "मी बसेन."

क्लेटनने आईकडे पाहिलं. ग्रॅत्सिएल्ला हसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की तो गंमत करत नाहीये.

"पा, पंधरा तारखेला? क्रेंदीत?"

"तारीख मला माहीत आहे."

"आणि मिरवणूक?"

"मागून चालायला तिथे पुष्कळ आहेत. तुझ्या दाराशी कोण आहे?" त्याचा आवाज थोडा चढला होता, तो त्याने खाली आणला. "माझ्या मुलीचं घर आहे. सगळ्या रस्त्याने बघू दे."

ग्रॅत्सिएल्लाने हात पुढे करून त्याच्या बाहीवर ठेवला. त्याने तो काढला नाही, पण त्याकडे पाहिलंही नाही.

चेत्ताने कॉफी पुन्हा ओतली, न विचारता. आधी नेनूचा कप भरला, मग आपला.

"आमची मूर्ती समोर आली की उठाल ना?" तिने विचारलं.

"मी बसणारच नाही. उभाच असेन. आणि कोटावर मकाब्बाचा बिल्ला असेल."

"असू दे. आमच्या लोकांनाही कळू दे कुणाच्या दारासमोरून चाललेत ते."

निघताना सगळे पुन्हा त्या घरापर्यंत चालत आले, कारण नेनूला उंबरा बघायचा होता. दार उघडून तो त्यात उभा राहिला, पाठ ताठ करून. रस्त्यावरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने टोपीला हात लावला, तेव्हा नेनूनेही लावला. मग त्याने मान वळवून मकाब्बाच्या दिशेला पाहिलं. इथून देवळाचा घुमट तेवढा दिसत होता.

चेत्ता त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"ऑगस्टमध्ये संध्याकाळचा वारा तुमच्याकडून इकडे येतो," ती हळूच म्हणाली. "क्लॅरिनेट ऐकू येईल तुम्हाला. अगदी स्पष्ट."

दगडाची धूळ डोळ्यांत जाऊ नये म्हणून चाळीस वर्षं वाऱ्याकडे पाठ करून काम केलेला माणूस तो. ऑगस्टच्या संध्याकाळी वारा इथून मकाब्बाकडे जातो, तिकडून इकडे येत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"हो," नेनू म्हणाला. "तिकडूनच येतो."