एल्कटनजवळची चार मिनिटं

बाबांना जाऊन सहा आठवडे झाले. त्यांची ही एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही.

मी एकोणीस वर्षांची होते, त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या आमच्या रेल्वेमार्गावर स्वीडनहून आणलेल्या विजेच्या इंजिनाची चाचणी चालू होती. वेग ताशी एकशेवीस मैल. माझे वडील, ओरिस टिलमन, एल्कटनजवळच्या सहा मैल रुळांचे मुकादम. त्या पट्ट्यात मुकादमीपर्यंत पोचलेला पहिला काळा माणूस. त्यासाठी सव्वीस वर्षं लागली होती. पहिल्या फेरीत नेमका त्यांच्याच हद्दीत इंजिनाने असा हिसका खाल्ला, की आतल्या धक्के नोंदवणाऱ्या यंत्राची रेघ कागदाबाहेर गेली.

"टिलमन, गुरुवारी पुन्हा फेरी आहे," बाबांचे वरिष्ठ हॅबर्टसाहेब म्हणाले. "पुन्हा तिथेच हिसका बसला, तर दुसऱ्या दिवसापासून मजुरांत, हातात फावडं."

गुरुवारी पहाटे, कुणालाही न विचारता, बाबा आणि त्यांचा जुना जोडीदार क्लेटस यांनी तिथला रूळ उचलून सरळ केला आणि खाली खडी ठासली. सैल खडी रूळ धरून ठेवत नाही, म्हणून ती हलवली की गाड्या सोडणाऱ्या कंट्रोलला कळवायचं आणि ती बसेपर्यंत गाड्या हळू सोडायच्या. हा नियम बाबांनीच किती जणांना शिकवला होता. पण कळवलं असतं तर चाचणीची फेरीच वाया गेली असती. त्यांनी कळवलं नाही.

दुपारी मी त्यांचं जेवण घेऊन गेले.

"आली बघ लेक," क्लेटस म्हणाला. "ओरिस, हिलाच मुकादम कर. निदान वेळेवर तरी येते."

बाबा हसले नाहीत. ते रुळाकडे बघत होते. पहाटे सरळ केलेला रूळ उन्हाने फुगून कडेला सरकला होता. दोन बोटं असेल.

"क्लेटस, इंजिन कुठवर आलंय?"

"विल्मिंग्टन स्टेशन सोडलंय. दहा मिनिटं धर." मग त्याने रूळ पाहिला आणि त्याचा आवाज उतरला. "धरेल रे. दोन बोटं म्हणजे काय मोठं!"

"आणि नाही धरलं तर?"

"तर फोन कर. पण फोन केलास की तू संपलास, एवढं ध्यानात ठेव."

फोनचा खांब वीस पावलांवर होता. बाबा उभेच राहिले. मी घड्याळ पाहिलं. मिनिट गेलं, दुसरं गेलं. त्यांचे ओठ हलत होते. प्रार्थना असावी, किंवा हिशेब. तिसऱ्या मिनिटाला मी म्हटलं, "बाबा, आत माणसं आहेत." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणी परकी आहे. खडी करकरली. रूळ आणखी बोटभर सरकला.

तेव्हा ते धावले.

"टिलमन बोलतोय. रूळ वाकलाय. मीच सकाळी खडी हलवली, कळवलं नव्हतं. थांबवा. आत्ता थांबवा!"

फोन तसाच लोंबकळत सोडून, धोक्याची लाल मशाल पेटवून ते इंजिनाच्या दिशेने पळाले. त्रेपन्न वर्षांचा माणूस, खडीवर दोनदा पडला. इंजिन दिसलं तेव्हा त्याच्या चाकांखालून ठिणग्या उडत होत्या. ते वाकलेल्या जागेपासून शंभरेक पावलांवर थांबलं.

एक स्वीडिश इंजिनिअर खाली उतरला, रूळ बघून आला आणि बाबांच्या शेजारी खडीवर बसला. त्याच्यामागून उतरलेले हॅबर्टसाहेब मात्र लांबूनच ओरडत येत होते. बाबांचे गुडघे फुटले होते. मी रुमालाने रक्त टिपत होते.

"मी किती वेळ उभा होतो गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुठे उभे होतात, बाबा? लगेच तर धावलात."

त्यांनी मान डोलावली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मग उठले आणि हॅबर्टसाहेबांना म्हणाले, "चार मिनिटं मी काहीच केलं नाही, साहेब. तेही अहवालात लिहा."