आजोबांच्या छातीवरची पट्टी

मे महिन्यातल्या एका रविवारी आमचं अख्खं खानदान डोंगरावर चढतं, पूर्वजांच्या कबरींवरचं गवत काढतं, फुलं ठेवतं आणि तिथेच चादरी पसरून जेवतं. केंटकीच्या आमच्या बाजूला ही पद्धत जुनी आहे. मेलेली माणसं फारसं खात नाहीत, त्यामुळे अन्न नेहमी उरतं.

त्या सकाळी आजोबांची पट्टी मी बदलली. आजोबांनी चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढली. खाणीचं छत एकदा त्यांच्या पाठीवर बसलं, ते काही अजून पुरतं उठलेलं नाही. म्हणून डॉक्टरांनी फेंटानिलची पट्टी दिली होती. पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढी, पारदर्शक. छातीवर चिकटवायची, मग तीन दिवस औषध कातडीत झिरपत राहतं. औषध अफूच्या जातीचं, पण अफू त्याच्यापुढे बाळगुटी.

औषधाच्या दुकानातल्या बाईने मला तीनदा बजावलं होतं. कातडी स्वच्छ, कोरडी हवी. तेल-मलम काही नको. तीस सेकंद तळहाताने दाबून धर. आजोबांनी तोवर छातीला कापराचं मलम चोळून ठेवलं होतं. “चार लोकांत जायचंय, वास बरा नको यायला?” बाहेर माझी मोठी बहीण शॅना गाडीचा भोंगा वाजवत होती. मी मलम बाहीने पुसलं आणि पट्टी दाबली. दहा सेकंद.

वर पोचल्यावर तासाभरात शॅनाच्या पोरीने, पेस्लीने, केळ्याचं पुडिंग अंगावर ओतून घेतलं. वय चौदा महिने. फ्रॉक धुऊन कुंपणावर टाकला आणि तिला नुसत्या लंगोटावर आजोबांच्या मांडीत बसवलं. उकाड्याने आजोबांनी सदऱ्याची बटणं सोडलेली. तिची पाठ त्यांच्या छातीला टेकलेली, दोघं घामाघूम. फोटो फार गोड आलाय. तो आता कोणी बघत नाही.

मग आजोबांच्या बहिणीने, ओपल आजीने, तिला कोणाचा तरी सदरा चढवला आणि पोर फिरायला लागलं. आमच्यात म्हाताऱ्या ओळीने खुर्च्यांवर बसतात आणि तान्ह्या मुलाला या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येकीच्या मांडीवरून जावं लागतं. एखादी सुटली तर पुढच्या वर्षीपर्यंत रुसवा.

जेवणाआधी आमच्या चर्चचे पाद्री ब्रदर आर्नेट प्रवचनाला उभे राहिले. “ज्यांच्या घरात कोणी गोळ्यांच्या, सुयांच्या नादी लागलंय, त्यांनी हात वर करावा. नाव विचारणार नाही. सगळे मिळून प्रार्थना करू.”

एकही हात वर गेला नाही. डेल्फिया आत्याने तर हात मांडीखाली घेतले.

“असली थेरं पलीकडच्या खोऱ्यात,” लुरीन आजी माझ्या कानात कुजबुजली. “आपल्यात नाहीत.”

डेल्फिया आत्याचा मुलगा ड्वेन दोन वर्षांपूर्वी एकोणतिसाव्या वर्षी गेला. हृदय बंद पडून, असं पेपरात दिलं होतं. ते खोटं नव्हतं. शेवटी सगळ्यांचं तेच होतं.

दुपारी दोनपर्यंत पेस्ली पाचव्या मांडीवर होती, आणि कौतुकाला ऊत आला होता.

“किती शहाणं लेकरू. दोन तास झाले, हूं नाही की चूं नाही.”

“घोरतंय बघ. डिट्टो व्हर्लिन.” व्हर्लिन म्हणजे माझे आजोबा.

“माझी चार अशी असती ना, तर मी आठ काढली असती.”

“तुझ्या नवऱ्याला विचारलं होतंस का?”

“त्याला कशात विचारलं होतं मी?”

तेवढ्यात आजोबा छाती खाजवत म्हणाले, “कोल्बी, माझी पट्टी कुठे गेली रे?”

मी पाहिलं. तिथे नुसता पांढुरका चौकोन होता. मी सदरा झटकला. खुर्चीखाली पाहिलं. त्यांच्या टोपीत पाहिलं, का ते विचारू नका. त्यांच्या पायाशी लोळणाऱ्या कुत्र्याचं पोट तपासलं. कुत्रा खूश झाला, म्हणजे शुद्धीवर होता. मग पलीकडचं ते घोरणं माझ्या कानात शिरलं, आणि शिरताशिरताच थांबलं. मी पुढच्या श्वासाची वाट पाहत उभा राहिलो. तेवढ्या वेळात एखाद्याने बटाटा सोलला असता.

पाय आपोआप निघाले. “लुरीन आजी, पोरगी दे.”

“आत्ता कुठे झोपलीय, कशाला उठवतोस मेल्या?”

मी ओढूनच घेतली. मान लुळी पडली. ओठ निळसर. पापणी वर केली, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. सदरा वर केला. दोन्ही खांद्यांच्या मधोमध, पाठीवर, पट्टी इतकी छान बसली होती की मला तशी कधीच बसवता आली नव्हती.

“ती होय,” ओपल आजी म्हणाली. “लस टोचली की लावतात तसली ना? कोपरा सुटला होता. मी दाबून बसवली.”

“किती वेळ दाबलीस?”

“घड्याळ कोणी पाहिलंय? प्रभूची प्रार्थना म्हणून होईपर्यंत.”

म्हणजे साधारण तीस सेकंद.

मी पट्टी उचकटली. शॅना धावत आली, तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला लिहिता येत नाही. डोंगरावर फोन लागत नाही, खाली चर्चच्या पुलाशी लागतो.

“कोणाकडे उतारा आहे का?” मी म्हणालो. “तो नाकात मारायचा फवारा. श्वास परत आणणारा.”

आमच्यात तसलं काही नाही, मग उतारा कुठून असणार? मी त्या क्षणी माझ्या खानदानाला इतका घाबरलो होतो की काय सांगू.

मग एक चेन उघडल्याचा आवाज आला. ओपल आजीच्या विणकामाच्या पिशवीतून एक फवारा निघाला. लुरीन आजीच्या पर्समधून, पेपरमिंटच्या गोळ्यांखालून, दुसरा. एक ब्रदर आर्नेटच्या बायकोकडून, एक मागच्या रांगेतल्या काकूकडून. डेल्फिया आत्याने बायबलच्या कव्हरमधून काढला. बायका सात, फवारे पाच. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

डेल्फिया आत्याने पोर चादरीवर आडवं केलं. “बाजूला व्हा.” मान मागे, नळी नाकात, दाब. मग तिच्या इवल्या नाका-तोंडावर स्वतःचं तोंड ठेवून हलकेच फुंकर. गालात मावेल तेवढीच फुंकर. छाती उचलली, बसली. परत. “शॅना, रडू नको, गाडी चालू कर.” परत. आत्याने दोन मिनिटं अशी घालवली की त्यात माझं वय वाढलं. दुसरा फवारा.

पेस्लीने तोंड वेडंवाकडं केलं आणि भोकाड पसरलं. इतकं कर्कश मूल मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि ते थांबू नये असं मनापासून वाटत होतं.

उरलेले तीन फवारे मुठीत धरून आम्ही उतारावरून सुटलो. पुलाशी फोन लागला. अॅम्ब्युलन्स निम्म्या वाटेत भेटणार होती.

“रडतेय म्हणजे बरी झाली ना?” शॅनाने विचारलं.

“फवारा तासाभरात उतरेल,” आत्या म्हणाली. “औषध कातडीत मुरलंय, ते नाही उतरणार. ती परत झोपेल.”

“आत्या, तुला एवढं कसं माहीत?”

तिने पेस्लीच्या छातीवर हात ठेवला. “ड्वेनच्या वेळी माहीत नव्हतं,” म्हणाली.

त्यानंतर गाडीत फक्त पेस्ली बोलली. मग तिचं रडणं पातळ होत गेलं, पापण्या मिटायला लागल्या, आणि वळणावर अॅम्ब्युलन्स दिसायच्या आतच आत्याने तिसरा फवारा फोडला.

हॉस्पिटलात त्यांनी तिला नळ्या लावल्या. संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्यापर्यंत इथेच ठेवू, पण आता धोका कमी आहे, झोपू दे तिला. शॅना मात्र झोपू देईना. डोळे मिटले की तळव्याला गुदगुल्या करायची. पोरगी दमून चिडलेली, आई तिच्याहून दमलेली.

“पट्टी कोणी लावली होती?” शॅनाने माझ्याकडे न बघता विचारलं.

“मी. मलमावर. दहा सेकंद दाबली.”

माझ्याजवळ तीन विनोद तयार होते. एकही बाहेर आला नाही. तिने तळव्यावरचा हात काढला, पेस्लीचे डोळे मिटले.

“तिचे श्वास तू मोज,” ती म्हणाली. “यंत्र मोजू दे नाहीतर नको. तू मोज.”

मी खुर्ची पुढे ओढली. पेस्लीच्या पोटावर नजर ठेवली. एक. मग काही नाही, काही नाही, काही नाही, आणि दोन.